वाट बघण्याची मुदत

कुरुंदा, ता. वसमत
११ फेब्रुवारी २००७

ती. शिवशंकरदादा यांना प्रभूचा नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "स्क्रीनवर काय येतंय ते नीट सांग," आणि सांगता सांगता माझा बॅलन्स संपला. शिवाय इंग्रजी अक्षरं फोनवर सांगितली की बी चा डी होतो. केंद्रावर इंटरनेट नाही. म्हणून पत्र लिहीत आहे.

तुमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर या हळद खरेदी केंद्रात बसून वर्ष झालं. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला नापास झालेल्या मला तुमच्या एका शब्दावर इथे ऑपरेटर म्हणून घेतलं, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच जास्त काळजी वाटते. आठ खिडक्या आहेत. शेतकऱ्याचं नाव, गाव आणि पोती टाकली की नंबराची चिठ्ठी निघते आणि ट्रॉली आत जाते. एकच खिडकी चालू असली तर चिठ्ठीला चार सेकंद लागतात. आठही चालू झाल्या की चाळीस ते पंचावन्न. मी सहा दिवस घड्याळ लावून वहीत नोंद केली आहे.

आमचे व्यवस्थापक हरिचंदसाहेब काल सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हातारा कारकून बोटाला थुंकी लावून लिहायचा, तो बराबर व्हता. हे काय करून राहिलंय, अंडं घालून राहिलंय का?" त्यांनी गुढीपाडव्यापर्यंत मुदत दिली आहे. तोवर सुधारलं नाही तर संगणक कोपऱ्यात आणि मी आपल्या गावी साखऱ्याला, शेळ्यांमागे.

एक गोष्ट आढळली. सर्व्हर सुरू होताना काळ्या खिडकीत ओळी पळतात. शेजारच्या खिडकीवरचा धर्मसिंग म्हणतो, "ही काय पोथी हाय का रोज वाचायला?" पण मी रोज वाचतो. त्यात एक ओळ नेहमी येते. अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं आहे: "बिल्ट-इन कनेक्शन पूल, नॉट फॉर प्रॉडक्शन यूज." शब्दकोशात प्रॉडक्शन म्हणजे उत्पादन असं दिलंय. हे सॉफ्टवेअर हळदीच्या उत्पादनासाठी नाही, असा अर्थ होतो का? चुकत असेन तर हसू नका.

आपला,
प्रभू


पुणे
१८ फेब्रुवारी

प्रिय प्रभू,

हसलो. माफ कर. तुझ्या पत्रातलं अक्षर माझ्या रूममेटने बघितलं आणि विचारलं, "छापून आलंय का रे?"

प्रॉडक्शन म्हणजे हळदीचं उत्पादन नव्हे, येड्या. प्रॉडक्शन म्हणजे खरं कामकाज. चाचणी वेगळी आणि रोजचं काम वेगळं. आपलं सॉफ्टवेअर डेटाबेसशी थेट बोलत नाही, मध्ये एक फ्रेमवर्क आहे. ते म्हणतंय, माझ्यासोबत आलेला हा पूल शिकणाऱ्यांसाठी आहे, याच्यावर दुकान चालवू नका.

पूल म्हणजे काय? साखऱ्याचा आड आठव. ज्याने त्याने दोर-पोहरा घरून आणायचा, बांधायचा, घागर भरायची, सोडायचा, गुंडाळून घरी न्यायचा. शेंदायला एक मिनिट, बांधाबांधीला पाच. आता समज, वीस दोर आडावरच कायमचे बांधून ठेवले. येईल त्याने घ्यावा, भरावं, तसाच सोडून जावं. तुमची चिठ्ठी दर वेळी नवा दोर बांधत असणार. डेटाबेसशी नवं कनेक्शन करायला जो वेळ जातो, त्यात तुमचे पन्नास सेकंद जातात.

सर्व्हरवर फ्रेमवर्कच्या सेटिंगची फाईल असेल. त्यात पूलच्या आकाराचा आकडा काय आहे ते कळव. आणि हे सध्या आपल्या दोघांतच ठेव. माझ्या ऑफिसच्या ई-मेलवर तर एक शब्दही नको.

शिवशंकर


कुरुंदा
२४ फेब्रुवारी

ती. दादा,

दोराचं लगेच समजलं. भागूकाकूंचा दोर शेजारीण घरी घेऊन गेली की काकू ओट्यावर बसून दिवसभर तिच्या नावाने बोटं मोडायच्या, तेही आठवलं.

फाईल सापडली. पूलचा आकडा १ आहे. म्हणजे आडावर एकच दोर, बाकी सगळ्यांनी घरून आणायचा. फाईलच्या वरच्या बाजूला तुमचं नाव आहे, "शिवशंकर, मार्च २००६" असं, आणि त्याखाली "शिकवणीतल्या नमुन्यावरून" अशी टीप. आपल्या घरातल्या माणसाचं नाव इतक्या दूरच्या मशीनच्या पोटात बघून मला फार बरं वाटलं. धर्मसिंगलाही दाखवलं. तो म्हणाला, "म्हंजे दुखणं बी तुझ्या घरचं अन् वैद बी तुझ्याच घरचा!" त्याला थट्टेशिवाय बोलता येत नाही.

आता एक शंका. इथे फाटकावर शेतकरी रांगेत दगड ठेवतात. ट्रॉली लिंबाखाली, माणूस चहाला आणि त्याच्या नंबरावर दगड. त्या दगडाला कोणी हात लावत नाही, भांडणातसुद्धा नाही. खिडकीवरही तीच रीत आहे. कुणी पोती पुन्हा मोजायला गेला, कुणी घरच्याला विचारायला गेला, की त्याचा फॉर्म आम्ही बंद करत नाही, तसाच उघडा ठेवून पुढच्याचा दुसरा उघडतो. बंद केला तर त्याचा नंबर जातो. धर्मसिंगच्या स्क्रीनवर एका वेळी तीन-चार फॉर्म उघडे असतात. उघडा फॉर्म एक दोर धरून बसतो का? तसं असेल तर वीस दोर पुरतील का?

प्रभू


पुणे
२ मार्च

प्रिय प्रभू,

सोबत सीडी आहे. पुठ्ठ्यात घालून पाठवतोय, पोस्टवाल्याने वाकवली नाही म्हणजे मिळवली. तिच्यात नवा पूल आणि नवी सेटिंगची फाईल आहे. दुपारच्या सुट्टीत सर्व्हर बंद कर, दोन्ही जागेवर टाक, पुन्हा चालू कर. दोर किमान पाच, कमाल वीस. दगडांचं तू फार मनावर घेऊ नकोस. इथे मी आणि रूममेटने दोन मशीनवर चालवून बघितलंय, उडतंय नुसतं.

जुनी फाईल ठेवू नकोस, पुसून टाक. फाईलीत कुणाचं नाव असणं कंपनीच्या नियमात बसत नाही.

आणि आता मुद्द्याचं. हे बसलं तर मी माझ्या साहेबांना अहवाल देणार आहे. ती ओळ तू शोधलीस, हे त्यात तुझ्या नावानिशी लिहीन. जूनमध्ये आमच्याकडे सपोर्टची एक जागा निघतेय. तिथे पदविका कोणी विचारत नाही, केलेलं काम विचारतात. अहवालात नाव असलं की तू पुण्यात.

शिवशंकर


कुरुंदा
९ मार्च

ती. दादा,

बसलं. चिठ्ठीला तीन सेकंद, आठही खिडक्या चालू असताना! पहिल्या दिवशी मी चाळीस चिठ्ठ्यांची वेळ लिहिली, एकही पाचच्या वर नाही. हरिचंदसाहेब खिडकीमागे उभे राहून बघत होते. मग चहा सांगितला. धर्मसिंग म्हणाला, "साहेबाचा चहा अन् कावळ्याची अंघोळ, दोन्ही कवाच दिसत न्हाईत. पिऊन घे."

आता दोन गोष्टी, रागावू नका. एक: मी दर तासाला उघडे फॉर्म मोजतो. साध्या दिवशी नऊ-दहा असतात. मंगळवारच्या बाजाराला अठरा झाले होते. वीसला दोनच कमी. दोन: सीडीवर जी माहितीची फाईल आहे ती मी शब्दकोश घेऊन पूर्ण वाचली. सगळे दोर संपले तर पुढच्याने किती वेळ वाट बघायची, याचा एक आकडा असतो. तुम्ही पाठवलेल्या फाईलमध्ये तो शून्य आहे. शून्य म्हणजे मुदतच नाही, कायम वाट बघायची, आणि स्क्रीनवर काही सूचनाही येत नाही. तिथे दहा सेकंद टाकू का? म्हणजे निदान कळेल तरी. आणि कमाल चाळीस करू का?

तुमच्या उत्तराशिवाय मी काही बदलणार नाही. अहवालात माझं नाव लिहिताना आडनावातला ळ इंग्रजीत एल ने लिहावा.

प्रभू


पुणे
१४ मार्च

प्रभू,

घाईत लिहितोय. फाईलला हात लावू नकोस. जसं पाठवलं तसंच राहू दे, शून्य तर शून्य. स्वतःची अक्कल चालवायला लागलास की पंचाईत होते. दुसऱ्या वर्षाला काय झालं होतं ते आठव.

अहवाल दिला. साहेबांनी सगळ्या टीमसमोर उभं करून माझं कौतुक केलं. तुझं नाव या अहवालात बसवता आलं नाही, त्याचा नमुना ठरलेला असतो. पुढच्या अहवालात नक्की.

शिवशंकर


कुरुंदा
३० मार्च

ती. दादा,

मंगळवारी, २७ तारखेला, जे झालं ते क्रमाने लिहितो.

पाडव्यानंतरचा मोठा बाजार. सकाळी नऊलाच फाटकापासून मारुतीच्या पारापर्यंत ट्रॉल्या लागल्या होत्या. आभाळ भरलेलं होतं, म्हणून सगळ्यांनाच घाई. अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा स्क्रीन थांबला. मग धर्मसिंगचा. मग आठही. चूक नाही, सूचना नाही, नुसतं थांबलेलं. मी आठही स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर उघडे फॉर्म मोजले. वीस. चिठ्ठीचा नंबर काढायला प्रत्येक फॉर्मला आणखी एक दोर लागतो, तो मोकळा नाही. म्हणजे विसांचे वीस एकमेकांची वाट बघत होते, आणि वाट बघण्याला मुदत नव्हती.

मी साहेबांना म्हणालो, सर्व्हर बंद करून चालू करतो. पण बंद केला तर ते वीस फॉर्म पुसले जातात, वीस जणांचा नंबर जातो. साहेबांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "पहाटपासून दगड मांडून बसले हायत. त्यांचा दगड कोण उचलंल? तू उचलतोस? मी तर न्हाई बा." फॉर्म कुणाचे ते कळलं असतं तर एकेकाला विनवलं असतं, पण स्क्रीनच हलत नव्हता. मी पुन्हा म्हणालो, ते पुन्हा नाही म्हणाले. असे चार तास गेले.

सव्वातीनला गारांसह पाऊस आला. लिंबाखाली उघड्या ट्रॉल्या होत्या. पाऊस आल्यावर रांग आपोआप मोडली आणि मी सर्व्हर बंद करून चालू केला. एका मिनिटात सगळं सुरळीत झालं. तेव्हा चिठ्ठी घ्यायला खिडकीवर कोणी नव्हतं.

बेबीबाई म्हणून एक बाई आहेत, नवऱ्यामागे एकट्या शेती करतात. अकरा पोती आणली होती. स्वतः शिजवलेली, स्वतः वाळवलेली. ती भिजली. भिजलेली हळद काळी पडते, कोणी घेत नाही. त्या खिडकीशी आल्या, ओंजळभर हळद माझ्या कीबोर्डवर ठेवली आणि म्हणाल्या, "तुमच्या डब्याला इचारा बापू, माझा नंबर आला का म्हणून." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांनी तुमच्या कंपनीला पत्र पाठवलंय. मला विचारलं, "ते सेटिंग कुणी केलं?" मी म्हणालो, दोन दिवस द्या. दादा, काय सांगू?

प्रभू


पुणे
३ एप्रिल

प्रिय प्रभू,

हे पत्र शांतपणे वाच.

कंपनीने माझ्याकडे खुलासा मागितलाय. मी सांगितलंय की मी पाठवलेल्या फाईलमध्ये वाट बघण्याची मुदत दहा सेकंद होती आणि ऑपरेटरने ती शून्य केली. तू फक्त तेवढंच लिहून द्यायचं: "मी कुणाला न विचारता स्वतःच्या मनाने सेटिंग बदललं." एका ओळीचं काम आहे.

तुझं काय जाणार आहे? हंगामी नोकरी, ती मेनंतर संपणारच. माझं परदेशात जायचं ठरतंय, जुलैत. आत्ता डाग लागला तर सगळं गेलं. मी गेलो तर मागे आपल्या घरातलं कोण वर येणार? तुझे आईवडील गेल्यावर आईने तुला माझ्या ताटात जेवू घातलं, ते मी कधी बोलून दाखवलं नाही, आजही दाखवत नाही.

जूनमध्ये तुला पुण्याला आणतो. शब्द देतो. माझी पत्रं मात्र फाडून टाक, हेसुद्धा.

तुझा दादा


कुरुंदा
१२ एप्रिल

ती. दादा,

लिहून दिलं. तुम्ही सांगितलेलीच ओळ, शब्द न बदलता. खाली सही आणि तारीख.

हरिचंदसाहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. म्हणाले, "तू शून्य टाकलंस? तू? पोरा, चिठ्ठीवरची वेलांटी बी तू दोनदा बघतोस." मी मान हलवली. ते म्हणाले, "कोणाला तरी झाकून राहिलास. झाक. पर झाकणाराला कोणी इचारत न्हाई, ध्यानात ठेव." मग कागदाला टाचणी लावली.

उद्या सामान घेऊन साखऱ्याला जातो. जूनला दीड महिना आहे.

प्रभू


साखरा, ता. सेनगाव
२४ जून

ती. दादा,

हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर नाही. फोन लावला की क्रमांक अस्तित्वात नाही असं सांगतात. पत्ता बदलला असेल तर कळवा. सपोर्टच्या जागेचं काय झालं, एवढंच विचारायचं आहे.

इथे सगळं ठीक. शेळ्या अठरा आहेत. सकाळी आणि संध्याकाळी मोजतो.

प्रभू


पुणे
२८ जुलै

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र नेहमीप्रमाणे प्रभूकडून वाचून घ्याल.

येत्या १२ तारखेला मी परदेशी जात आहे. दोन वर्षांचं काम आहे. डेटाबेसचा वेग वाढवण्याचं जे काम मी इथे केलं, त्यावरून कंपनीने माझी निवड केली. जायच्या आधी गावी यायला जमणार नाही.

प्रभूसाठी मी पुष्कळ खटपट केली. पण चूक आपली आहे असं त्यानेच लिहून दिलेलं असल्यामुळे कंपनी त्याला घेत नाही. माझीही मान खाली गेली. त्याला रागावू नका. शिक्षण अर्धवट राहिलं की माणसाकडून असं होतं.

आईला नमस्कार.

आपला,
शिवशंकर


साखरा
५ ऑगस्ट

चिरंजीव शिवशंकर यास सटवाजीचा आशीर्वाद.

लेकरा, तुझं पत्र आलं. प्रभूनं वाचून दाखवलं. तू इमानात बसणार म्हणून तुझ्या मायनं आळीत साखर वाटली. माझी छाती फुगली. आपल्या सात पिढ्यांत कोणी नांदेडच्या पल्याड गेलं न्हवतं.

प्रभूचं आयकून लई वंगाळ वाटलं. तू त्याला चिटकवून दिलं, अन् यानं तुझंच नाव खराब केलं. मी त्याला बोललो. म्हणलं, आरं काहून हात लावला तू त्या मशीनला? ज्यानं अन्नाला लावलं त्याचंच वाटुळं करून राहिला व्हतास? तर त्यानं खाली मान घातली. आत्ता बी खाली मान घालून लिहून राहिलाय. म्या म्हणलं हे बी लिही, तर लिहून राहिलाय. म्या म्हणलं, लिहिलं का? म्हणला, व्हय, लिहिलं.

तू त्याचा राग धरू नको. बिनामायबापाचं पोरगं हाय. शेळ्या बराबर राखतो, तेवढं त्याला जमतं. तुला तकलीफ झाली ती माझ्याकडं बघून पोटात घाल.

तिकडं थंडी असती म्हणत्यात. तब्येत सांभाळ. तुझ्या मायचा, भागूबाईचा आशीर्वाद.

सटवाजी (अंगठा)

ता. क.

दादा, वरचं सगळं काकांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. एक अक्षर गाळलेलं नाही. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "वाच बरं पुन्यांदा." मी पूर्ण वाचून दाखवलं. माझ्याबद्दल लिहिलंय तेही.

तुमची चार पत्रं मी फाडली नव्हती. १४ मार्चचं, ज्यात "शून्य तर शून्य" आहे, तेसुद्धा तुमच्याच अक्षरात आहे. हे पाकीट चिकटवण्याआधी चारही आत घालत आहे. कुणाला दाखवली नाहीत. दाखवली असती तर ती काकांना वाचूनही मलाच दाखवावी लागली असती, आणि ते मला जमलं नसतं. घेतलेला दोर जागेवर ठेवावा, एवढंच मला आडावर आणि केंद्रावर शिकायला मिळालं. हा ठेवला.

पुण्याच्या रांगेत माझा एक दगड होता. तो मी आज उचलला. त्या जागेवर कुणालाही उभं करा.

मी तुमच्याकडे वाट बघत होतो आणि माझ्याकडे मुदतीचा आकडा शून्य होता. तो आज बदलला. कुणाला न विचारता, स्वतःच्या मनाने. या वेळी ही ओळ खरी आहे.

काका आता विचारत आहेत, "आजून काय लिहून राहिलास? काय ऱ्हायलं का?"

मी सांगितलं, पत्ता लिहितोय.

प्रभू